रोज ऑफिस, कधीतरी ट्रॉली: पिकअप कोणती घ्यावी?

पिकअप म्हटलं की कोल्हापुरात आधी बोलेरोच आठवते. माल वाहायला ती भक्कम. पण मागचे पाटे वजनासाठी बनवलेले, त्यामुळे रिकामी चालवली की राजारामपुरीतला प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेला कळतो. रोज चालवायला इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स बरी. दोन्ही साधारण ५.३ मीटर लांब, म्हणजे महाद्वार रोडला पार्किंग अवघडच.

टॉर्कच्या आकड्यावर भाळू नका. व्ही-क्रॉसचे ३६० न्यूटन मीटर अधूनमधून ट्रॉली ओढायला पुरतात. खरी परीक्षा आंबा घाट उतरताना असते. मागचं वजन गाडीला ढकलतं. सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ते तापतात आणि पकड जाते. म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरा. शोरूममध्ये विचारा: ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रॉलीची मर्यादा किती? लेखीच घ्या. ट्रॉलीचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं. हुकवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. सगळं मागे भरलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलते. आणि हो, कायद्याने ट्रॉलीही मोटार वाहनच, तिचीही नोंदणी लागते.

मी तरी टू-व्हील-ड्राइव्ह घेईन. रान चिखलाचं असेल तर मात्र फोर-व्हील-ड्राइव्ह घ्या.