'स्टँडस्टिल'ची कुळकथा

25 नोव्हेंबर 2009, बुधवार. बकरी ईद दोन दिवसांवर आलेली. त्या दिवशी दुबई सरकारने निवेदन काढलं: सरकारी मालकीची 'दुबई वर्ल्ड' आणि तिच्या पोटातली बांधकाम कंपनी 'नखील' यांच्या सावकारांनी किमान 30 मे 2010 पर्यंत 'स्टँडस्टिल' पाळावा. म्हणजे वसुलीसाठी तगादा लावू नये. पुढच्या दोन दिवसांत जगभरचे शेअर बाजार घसरले.

साईटवरच्या माणसांच्या तोंडी मात्र वर्षभर दुसराच शब्द होता, 'होल्ड'. एक किलोमीटरहून उंच जाणारा नखीलचा टॉवर ऑक्टोबर 2008 मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी 2009 मध्ये होल्डवर गेला. हे दोन शब्द एकाच घरातले दिसले तरी त्यांची पत वेगळी आहे. काम होल्डवर गेलं की कामगाराची नोकरी जाते, तिच्यामागे व्हिसा जातो. स्टँडस्टिल मिळतो तो मोठ्या कर्जदाराला, आणि तोही वाटाघाटी करून.

'स्टँडस्टिल' हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. त्यातला 'स्टँड' आपल्या 'स्था' धातूचा भाऊबंद. त्याला करारात मानाचं पान मिळालं ते 1931 साली. जुलैमध्ये जर्मनीतली डानाट बँक बुडाली आणि परदेशी बँका दिलेली अल्प मुदतीची कर्जं परत मागत होत्या. सगळ्यांनी एकदम मागितलं तर कुणालाच काही मिळणार नाही, हे उमगल्यावर सप्टेंबरपासून सहा महिन्यांचा 'स्टँडस्टिल' करार झाला. सहा महिने संपले, मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि 1939 च्या महायुद्धापर्यंत वाढतच गेली.

मराठी माणसाला हा शब्द भेटला तो वेगळ्या वेशात, 'जैसे थे करार' म्हणून. 1947 मध्ये संस्थानांपुढे सामीलनाम्यासोबत या कराराचा मसुदा ठेवला गेला. निजामाने सामीलनामा नाकारला आणि 29 नोव्हेंबर 1947 रोजी एक वर्षाचा जैसे थे करार तेवढा केला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्या कागदाखाली आले. कागदावर सगळं होतं तसंच राहायचं होतं. प्रत्यक्षात निजाम सरकारने पाकिस्तानला 20 कोटींचे कर्जरोखे दिले, भारतीय चलनावर बंधनं घातली, आणि लातूरच्या कासीम रझवीचे रझाकार गावोगाव मोकाट सुटले. सीमेवरच्या कॅम्पांतून लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांना या करारातलं एक अक्षरही खरं वाटलं नसेल, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला 'जैसे थे' म्हणजे मिळालेली मुदत. ज्याच्या दारात रझाकार उभा आहे त्याला ती आणखी एका वर्षाची शिक्षा. करार वर्षही टिकला नाही. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद शरण आलं.

गंमत अशी, की दुबईच्या किनाऱ्याला अशा थांबण्याची ओळख जर्मनीच्या किती तरी आधीची. 1819 च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या इंग्रजी आरमाराने रास अल खैमा घेतलं आणि 1820 च्या जानेवारीत तिथल्या शेखांशी तह केला. 1835 च्या मे महिन्यात त्या शेखांमध्ये समुद्रावर एकमेकांशी न लढण्याचा करार झाला. मुदत पुन्हा सहाच महिने, कारण तोच मोती काढायचा हंगाम. 1853 मध्ये तो कायमचा झाला. या 'ट्रूस'वरूनच मुलखाला 'ट्रूशियल' म्हणू लागले, आणि 2 डिसेंबर 1971 रोजी संयुक्त अरब अमिरात जन्माला येईपर्यंत ते नाव टिकलं. तो विराम मात्र खरा होता. होड्या थांबल्या नाहीत. थांबल्या त्या लढाया.

2009 च्या स्टँडस्टिलचं काय झालं? 14 डिसेंबरला नखीलचे रोखे फेडायचे होते. त्याच सकाळी अबू धाबीने 10 अब्ज डॉलर पुढे केले, त्यातले 4.1 अब्ज रोखेधारकांना गेले. तीन आठवड्यांनी जगातली सर्वांत उंच इमारत खुली झाली, ती अबू धाबीच्या शेख खलिफांचं नाव लावून. बँकांशी कर्जफेडीचा नवा करार मार्गी लागला. नखीलच्या थकलेल्या ठेकेदारांच्या वाट्याला आली 40 टक्के रोख रक्कम आणि उरलेल्या 60 टक्क्यांचे कागद, पाच वर्षांच्या मुदतीचे. स्टँडस्टिलमध्ये कुणाला किती थांबावं लागतं याचा हिशोब या आकड्यांइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आणि नखीलने जबेल अलीच्या समुद्रात भराव घालून उभं केलेलं खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट? त्याचं काम 2002 मध्ये सुरू झालं, मंदीत थांबलं. त्याचा नवा आराखडा मंजूर झाला तो थेट 2023 साली.