आरंभिक साक्षरता, द्विभाषिक (पेण-रोहे परिसर)

घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलांना तीन ते आठ या वयात, कुटुंबाला सोबत घेऊन, प्रमाण मराठीतील वाचन-लेखनाकडे नेणारी प्रक्रिया.

महाराष्ट्रात आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाचा विचार ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी रुजवला. बोर्डी येथे १९४५ मध्ये स्थापन झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला गेले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा तिथेच आकाराला आली (पहा : अंगणवाडी; वाघ, अनुताई).

कातकरी बोली मराठी-कोंकणी गटातली. जवळीक एवढी, की शाळेत ती ‘अशुद्ध मराठी’ ठरते आणि मूल गप्प होते. पहिला अडथळा हाच, आणि तो मुलाच्या बुद्धीचा नाही. दुसरा स्थलांतराचा : दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात (पहा : कातकरी).

भाषेचा अडथळा ओलांडण्यासाठी लोकसहभागी संशोधनात वाडीतलीच शिकलेली मुले-मुली शब्द गोळा करतात. आई-आजी खेकडे, मासे, रानभाज्यांची नावे सांगतात. मूल खेकड्याचे चित्र काढते. खाली त्याचे घरातले नाव देवनागरीत लिहिले जाते, शेजारी पुस्तकातले. आईला अक्षरओळख नसली तरी तिचा शब्द पानावर येतो. घरोघरी जाऊन मुलांचे वाचन स्थानिक स्वयंसेवकांनी तपासण्याची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २००५ पासून देशभर नेली.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीचा निर्देश राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० घरच्या भाषेवर भर देते.