आधी जॉब दाखवा

तपासणी जवळ आली की आमच्या आयटीआयला चुन्याचा वास यायचा. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, लेथला तेलाचा हात, वर्कशॉपच्या भिंतीवर सुरक्षेचे नवे फलक. ऑफिसात रात्री उशिरापर्यंत रजिस्टरं भरणं चालायचं. पाठटाचण, हजेरीपट, डेडस्टॉक, कच्च्या मालाचा हिशेब, सगळं एकाच शाईत आणि एकाच अक्षरात. मी जोडारी म्हणजे फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून लागलो आणि गटनिदेशक होऊन बाहेर पडलो. मधल्या काळात तपासायला येणारी माणसं बदलली, फॉर्म बदलले, शेरेबुकाच्या जागी संगणक आला. माझं मत मात्र तेव्हा होतं तेच आजही आहे. येणाऱ्याला स्वतःला कानस धरता येत असेल तर तपासणीला अर्थ आहे. नसेल तर तो चहा आणि सही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा ही तपासणीची रीत मुळात आली कुठून ते वाचायला घेतलं. सरकारी तपासनीस नेमायची पद्धत साहेबाची. इंग्लंडात १८३९ साली पहिले दोन शाळातपासनीस नेमले गेले. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही फार उशीर झाला नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर शाळा तपासायला कोकणात हिंडत होते, आणि ते तर १८४६ मध्ये गेलेसुद्धा. पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला, शिक्षणखातं उभं राहिलं आणि गावोगावच्या शाळांना ‘दिपोटी’ म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर ठाऊक झाले. टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते, ते याच खात्यात असिस्टंट डेप्युटी म्हणून चढले.

इंग्लंडात १८६२ पासून एक नवीनच टूम निघाली: जितकी मुलं तपासनिसापुढे पास, तितकं शाळेचं अनुदान. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही हीच फूटपट्टी लागली. मास्तराची भाकरी तपासनिसाच्या एका दिवसावर लटकली, की मास्तर वर्षभर त्या एका दिवसाचीच तयारी करून घेणार. दोष मास्तराचा नाही. मीही तेच केलं असतं.

या सगळ्यात मला भेटलेला शहाणा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. मुलींच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणासाठी ते निवेदन सगळे सांगतात, पण त्यात तपासणीबद्दलही रोखठोक लिहिलेलं आहे. दिपोटीने वर्षातून एकदा येऊन काहीही साधत नाही, असं ते म्हणतात. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी यावं आणि अधूनमधून न कळवता यावं. बोलले प्राथमिक शाळांबद्दल, पण मला वाचताना आमचा चुना आठवला. त्याच निवेदनात शिक्षक कसा हवा हेही आहे: शेतकऱ्यांच्या घरातून आलेला, गरज पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. माझ्या माहितीत धंदेशिक्षणाच्या मास्तराची यापेक्षा नेमकी पात्रता कुठल्याच शासननिर्णयात नाही.

फुल्यांच्या निवेदनानंतर पाचच वर्षांनी, १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय निघालं. गिरण्यांना माणसं हवी होती. तिथे यांत्रिक ड्रॉइंग शिकवायला लक्ष्मणराव किर्लोस्कर होते. बढतीची वेळ आली तेव्हा जागा त्यांना मिळाली नाही, अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, नंतर लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. लोक ही गोष्ट जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात. मी ती उलट्या बाजूने वाचतो. इतका चांगला मास्तर हातात असताना संस्थेच्या व्यवस्थापनाला त्याची पारख झाली नाही. महाराष्ट्राचा फायदा झाला हे खरं, पण तिथल्या ड्रॉइंगच्या वर्गाचं काय झालं असेल?

आयटीआयचा जन्म मात्र लढाईतला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना आणि फौजेला कारागीर कमी पडले, म्हणून घाईने प्रशिक्षणकेंद्रं निघाली. काही कामगार बेव्हिन योजनेत थेट विलायतेला शिकायला गेले. लढाई संपल्यावर परतलेल्या सैनिकांना कामाला लावायचं म्हणून तेच काम पुढे चाललं. १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनीला निदेशकांना शिकवणारी संस्था निघाली आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली. म्हणजे आयटीआय काढण्याआधी आयटीआयचे मास्तर घडवायची सोय झाली होती. हा क्रम मला फार आवडतो. नंतरच्या काळात तो उलटा झाला: आधी इमारत, मग मशिनरी, आणि मास्तर ‘तासिका तत्त्वावर’.

१९५६ मध्ये एक वाटणी झाली. रोजचा कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांसाठी दिल्लीची राष्ट्रीय परिषद आली. १९६९ पासून खर्चही राज्याच्या गळ्यात पडला. आपल्याकडे १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षणाचं वेगळं संचालनालय झालं. दोन मालक झाले की तपासणीही दोन होतात. राज्याचे साहेब येत ते रजिस्टरं, रिक्त पदं, भांडार आणि ऑडिटचे मुद्दे बघायला. दिल्लीच्या बाजूची समिती येई ती जागा किती चौरस मीटर, मशीनं किती, पंखे किती ते मोजायला, संलग्नतेसाठी. शिकवणं कोण बघणार, हे त्या वाटणीत कुणाच्याच वाट्याला नीट आलं नाही. ते राहिलं परीक्षकाकडे.

जुनी ट्रेड टेस्ट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. बाहेरचा परीक्षक यायचा. बहुतेक दुसऱ्या आयटीआयचा जुना निदेशक, कधी कारखान्यातला फोरमन. सीलबंद पाकिटातून ड्रॉइंग निघायचं. समजा, चौकोनात चौकोन बसवायचा आहे: एका पट्टीत खाच, दुसरीचा तुकडा त्यात घट्ट, आणि तुकडा चारी बाजूंनी फिरवला तरी तसाच बसला पाहिजे. सूट ०.०४ मिलिमीटर. हॅक्सॉ, कानस, गुण्या, व्हर्नियर आणि तासन् तास उभं राहण्याची ताकद, एवढंच भांडवल. मुलाचा नंबर जॉबवर पंचाने ठोकलेला असायचा. जॉब झाला की परीक्षक तो खिडकीकडे धरायचा. जोडातून उजेड दिसला की गुण गेले.

पण खरा जाणता परीक्षक जॉबच्या आधी बाकीचं बघायचा. आमच्याकडे एक यायचे, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आल्या आल्या ते भंगाराच्या पेटीपाशी जायचे. त्यात तुटकी हॅक्सॉ ब्लेडं, वाकडे कापलेले तुकडे, बिघडलेले जॉब भरपूर असले की खूश. “इथं पोरांनी काम केलंय,” म्हणायचे. पेटी रिकामी आणि स्वच्छ दिसली की त्यांच्या कपाळाला आठी. मग कानशी बघायचे. दातांत लोखंडाचा कीस अडकलेला असेल तर ब्रश मारायची सवय लावलेली नाही, हे त्यांना कळायचं. मग पोरांची उभं राहण्याची ढब. शेगडा कोपराच्या उंचीवर हवा. बुटक्या मुलाच्या पायाखाली फळी दिली आहे का, हे ते वाकून बघायचे. ती फळी मास्तराने दिलेली असते. तिची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. सगळं बघून झाल्यावर प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते एकच प्रश्न विचारायचे: लोखंड कधी आलं?

या प्रश्नात आमचं सगळं व्यवस्थापन होतं. अनुदान सुटायचं मार्चएंडला. मग एमएस फ्लॅट, इलेक्ट्रोड, ब्लेडं यांची एकदम खरेदी, आणि माल पडायचा तेव्हा पोरं परीक्षेच्या उंबरठ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये, नवा मुलगा कानस धरायला शिकतो तेव्हा, भांडार कोरडं. हुशार प्राचार्य एका वर्षाचा माल पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा, आजूबाजूच्या कारखान्यांतून तुकडे मागून आणायचा. असे प्राचार्य मी पाहिले आहेत. ऑडिटमध्ये त्यांच्यावर शेरा पडायचा, शिल्लक साठा जादा म्हणून. ज्याच्याकडे पोरं रिकामी बसायची त्याचा हिशेब मात्र चोख.

पुढे लेखी पेपर ओएमआरवर गेला, २०१३ मध्ये सेमिस्टर आलं, २०१८ मध्ये परत गेलं. लेखी परीक्षा संगणकावर आली. तपासायला सोपं झालं, यात शंका नाही. पण संगणकाला वेल्डिंगचा टाका दिसत नाही.

व्यवस्थापनावर इलाज म्हणून २००७ पासून केंद्राने १,३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत दिल्या. प्रत्येकीला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, आणि उद्योजक अध्यक्ष असलेली संस्था व्यवस्थापन समिती. कल्पना वाईट नव्हती. अध्यक्ष स्वतः कारखान्यात उभा राहणारा असला तर वर्कशॉपचं रूप पालटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नुसता फोटोपुरता असला तर पैसे मुदत ठेवीत आणि बैठकीचं इतिवृत्त कपाटात.

खरा घोळ झाला संलग्नतेत. २०१२ पासून संस्थांची पडताळणी क्वालिटी कौन्सिलकडे गेली. २००७ नंतरच्या दहा वर्षांत देशातल्या आयटीआयची संख्या झपाट्याने वाढून तेरा हजारांच्या वर गेली, बहुतेक भर खासगीची. २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कोरडे ओढले. काही खासगी संस्था दुकानांच्या गाळ्यांत, तळघरांत, पत्र्याच्या शेडमध्ये चालल्याचं त्या अहवालात आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. पडताळणी समिती येण्याच्या आदल्या रात्री टेंपोतून आलेली आणि समिती गेल्यावर त्याच टेंपोतून परतलेली लेथ मी एका ठिकाणी पाहिली आहे. तिच्या पायांना फाउंडेशनचे बोल्टसुद्धा नव्हते. जमिनीवर एक नजर टाकली असती तरी पुरे होतं, पण यादीत प्रश्न होता ‘लेथ आहे का?’ आणि लेथ होती. २०१७ पासून संस्थांना गुण आणि तारे मिळू लागले. त्यासाठीची माहितीही आधी संस्थाच भरायची.

माझा भाचा इंग्लंडात मिडलँड्सकडे एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात आहे. आपल्या आयटीआयसारखंच काम, पण पसारा मोठा. तिकडे १९९३ मध्ये ही कॉलेजं नगरपालिकांकडून काढून स्वायत्त केली आणि त्यांच्यासाठी वेगळे तपासनीस नेमले. शिकवण्याला वेगळी श्रेणी, व्यवस्थापनाला वेगळी; १ सगळ्यात वरची, ५ सगळ्यात खालची. या श्रेणीला दात होते. बिल्स्टन नावाचं कॉलेज दुसऱ्या संस्थांमार्फत दूरदूरचे वर्ग चालवून फुगलं होतं. १९९९ च्या अहवालाने कारभाराचे वाभाडे काढले आणि ते कॉलेज बंद होऊन शेजारच्या कॉलेजात विलीन झालं. असं आपल्याकडे सरकारी संस्थेच्या बाबतीत झालेलं माझ्या ऐकण्यात नाही. पण तिथेही दुसरी बाजू आहेच. तपासनीस मागच्या बाकावर बसून एकेका तासाला श्रेणी द्यायचे, तेव्हा मास्तर लोक ठेवणीतला एक तास तयार ठेवायचे. २०१५ मध्ये एकेका तासाची श्रेणी बंद झाली. त्यानंतर फोन यायचा तो दोनेक कामाचे दिवस आधी. दोन दिवसांत चुना वाळतो का, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे चुना नसतो, पॉवरपॉइंट असतो.”

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची मात्र स्वतःची पद्धत होती. कॅम्पसला आलेला एक टूलरूमचा साहेब आमच्या फायली उघडायचाच नाही. मुलापुढे व्हर्नियर आणि एक तुकडा ठेवायचा. माप बरोबर आलं की दुसऱ्या तुकड्यावर कानस मारायला लावायचा आणि मागे उभा राहून नुसता आवाज ऐकायचा. मग विचारायचा, “तुझे सर कोण?” दोन निदेशकांच्या तुकड्यांतली पोरं तो डोळे झाकून घ्यायचा. तिसऱ्याचं नाव ऐकलं की पुन्हा एक जॉब करायला लावायचा. त्या तिसऱ्याच्या गोपनीय अहवालात दरवर्षी ‘अत्युत्कृष्ट’ असायचं, आणि त्याचं पाठटाचण साऱ्या जिल्ह्यात नमुन्याचं म्हणून फिरायचं.