परतीचा दाखला : चे चान पिंग आणि १८८८ चा स्कॉट कायदा

१/ ७ सप्टेंबर १८८८ रोजी ‘बेल्जिक’ ही आगबोट हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली. तिच्यावर चे चान पिंग नावाचा एक चिनी मजूर होता. बारा वर्षे अमेरिकेत काम करून तो मायदेशी गेला होता आणि आता परत येत होता. अमेरिकन सरकारने दिलेला परतीचा दाखला त्याच्याजवळ होता. ८ ऑक्टोबरला बोट बंदरात पोहोचली, तेव्हा तो दाखला रद्दबातल होऊन एक आठवडा झाला होता.

२/ परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाला काही काळ बाहेर जाऊन परत यायचे असेल, तर आज अनेक देशांत त्याला ‘रि-एंट्री परमिट’ म्हणजे पुनःप्रवेशाचा परवाना लागतो. हा कागद साधा प्रशासकीय वाटतो. मात्र तो हक्काचा पुरावा आहे की सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न १८८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याच्या उत्तराचे परिणाम अजून संपलेले नाहीत.

३/ पार्श्वभूमी पाहू. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर, १८५० नंतर, दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतातून मजूर मोठ्या संख्येने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. खाणींत, शेतांत, धुलाईच्या दुकानांत आणि खंडपार रेल्वेच्या बांधणीत त्यांचे श्रम लागले. १८६८ च्या बर्लिंगेम तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे मुक्तपणे जाण्यायेण्याची मुभा दिली. १८८० च्या जनगणनेत अमेरिकेतील चिनी लोकांची संख्या सुमारे १ लाख ५ हजार होती.

४/ १८७० च्या दशकात मंदी आली, बेकारी वाढली आणि गोऱ्या कामगारांचा रोष चिनी मजुरांवर वळला. राजकीय पक्षांना त्यात मते दिसली. १८८० मध्ये अमेरिकेने चीनशी नवा तह केला. त्यानुसार नव्या मजुरांचे येणे मर्यादित वा स्थगित करण्याचा अधिकार अमेरिकेला मिळाला. मात्र जे मजूर आधीपासून अमेरिकेत होते, त्यांना आपल्या मर्जीने जाता-येता येईल, असे वचनही त्याच तहात होते.

५/ ६ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी बहिष्कार कायद्यावर सही केली. चिनी मजुरांचा नवा प्रवेश दहा वर्षांसाठी बंद झाला. कोणत्याही न्यायालयाने चिनी व्यक्तीला नागरिकत्व देऊ नये, असेही या कायद्यात बजावले होते. म्हणजे अमेरिकेत कितीही वर्षे काढली तरी तो मजूर कायम परकाच राहणार होता.

६/ मग तहातील वचनाचे काय? त्यासाठी परतीच्या दाखल्याची योजना झाली. मजूर चीनला निघाला की बंदरातील जकात खात्याचा प्रमुख त्याची नोंद करी. नाव, वय, धंदा, राहण्याचे शेवटचे ठिकाण आणि ओळख पटवणाऱ्या शरीरावरील खुणा त्या नोंदीत असत. त्याआधारे त्याला दाखला मिळे. परत आल्यावर तो दाखवला की उतरण्याची परवानगी मिळायची. आजच्या पुनःप्रवेश परवान्याचा हा एक पूर्वज म्हणता येईल.

७/ येथे एक तुलना बोलकी आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरल्या. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, आणि १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहूनच जहाजाने आशियाकडे परतल्या. त्यांना असला दाखला लागला नाही. तो कायदा एका देशाच्या मजुरांपुरता होता. पुढे १९१७ च्या कायद्याने आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा भारतही त्या रेषेच्या आत आला.

८/ मजूर चीनला जात तरी का? कारणे घरगुती होती. वृद्ध आई-वडील, लग्न, मुलांचे तोंड पाहणे. १८७५ च्या पेज कायद्यामुळे आणि त्याच्या कडक अंमलबजावणीमुळे चिनी स्त्रियांना अमेरिकेत येणे फार कठीण झाले होते. संसार एका किनाऱ्यावर आणि रोजगार दुसऱ्या किनाऱ्यावर, अशी असंख्य कुटुंबांची स्थिती होती. परतीचा दाखला हा त्या दोन किनाऱ्यांना जोडणारा एकमेव धागा होता.

९/ १८८४ मध्ये कायदा आणखी आवळला गेला. परतीचा हक्क सिद्ध करण्यासाठी दाखला हाच एकमेव ग्राह्य पुरावा ठरला. पण जो मजूर दाखल्याची पद्धत सुरू होण्यापूर्वीच बाहेर गेला होता, त्याने दाखला आणावा कुठून? च्यू हेआँग नावाचा मजूर १८८१ मध्ये हवाईला गेला होता. १८८४ मध्ये परतल्यावर त्याला अडवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने तहातील वचन मानून त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

१०/ फील्ड हे नाव लक्षात ठेवावे. ते स्वतः कॅलिफोर्नियाचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात कैद्यांचे केस एका इंचापर्यंत कापण्याचा नियम होता. चिनी कैद्यांची वेणी कापली जावी, हा त्याचा उघड हेतू होता. १८७९ मध्ये फील्ड यांनीच तो नियम बेकायदा ठरवला होता. म्हणजे ते सरसकट चिनीद्वेष्टे होते असे म्हणता येत नाही. देशात असलेल्या माणसाचे हक्क आणि देशात येऊ पाहणाऱ्याचे हक्क, यांत ते भेद करत होते.

११/ आता पुन्हा चे चान पिंगकडे वळू. तो १८७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला. २ जून १८८७ रोजी रीतसर दाखला घेऊन ‘गेलिक’ बोटीने तो चीनला गेला. कायद्याने सांगितलेली प्रत्येक अट त्याने पाळली होती. त्याच्या पाठीमागे अमेरिकेत काय घडत होते, ते हाँगकाँगच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मजुराला कळण्याचा मार्ग नव्हता.

१२/ १८८८ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. मार्चमध्ये दोन्ही देशांत एका नव्या तहाच्या मसुद्यावर सह्या झाल्या. पण अमेरिकन सिनेटने त्यात दुरुस्त्या केल्या आणि चीनने मान्यता देणे लांबवले. चीनने तह फेटाळल्याची बातमी पसरताच वॉशिंग्टनमध्ये घाई सुरू झाली. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी विल्यम स्कॉट यांनी विधेयक मांडले. पश्चिम किनाऱ्यावरील मते दोन्ही पक्षांना हवी होती. विधेयक झपाट्याने संमत झाले.

१३/ १ ऑक्टोबर १८८८ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी सही केली. स्कॉट कायद्याने दोन गोष्टी केल्या. यापुढे परतीचे दाखले देणे बंद झाले, आणि आजवर दिलेले सर्व दाखले रद्दबातल ठरले. जे बाहेर होते, त्यांना परतीचा मार्ग उरला नाही. असे सुमारे २० हजार मजूर दाखला घेऊन अमेरिकेबाहेर होते, असे सांगितले जाते. त्यांपैकी सुमारे ६०० जण त्या क्षणी समुद्रावर होते.

१४/ वाटेत असलेल्यांवर अन्याय होतो आहे, हे खुद्द क्लीव्हलँड यांनाही जाणवले होते. सही करतानाच काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात त्यांनी सुचवले होते की, कायदा होण्यापूर्वी जे जहाजावर चढले, त्यांना उतरू द्यावे. काँग्रेसने तशी तरतूद केली नाही. त्या २० हजारांचा सामान, उधारी, बचत, धंद्यातील भागीदारी असा संसार अमेरिकेत अडकून पडला.

१५/ ८ ऑक्टोबरला चे चान पिंगने दाखला पुढे केला. जकात अधिकाऱ्याने तो नाकारला. कप्तानाने त्याला बोटीवरच अडकवून ठेवले. तेव्हा त्याच्या वतीने बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा, अर्ज दाखल झाला. चिनी समाजाच्या संघटनांनी वर्गणी काढून नामांकित वकील उभे केले. ओहायोचे माजी गव्हर्नर जॉर्ज होडली हे त्यांपैकी एक. खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१६/ वकिलांचा युक्तिवाद सरळ होता. तहाने जाण्यायेण्याचा हक्क दिला. कायद्याने त्या हक्काचा दाखला दिला. सरकारच्या शब्दावर विसंबून माणूस बाहेर पडला. आता तो हक्क त्याच्यात रुजलेला आहे. नवागतांना रोखणे वेगळे, आणि रहिवाशाला दिलेला शब्द तो समुद्रावर असताना मागे घेणे वेगळे.

१७/ १३ मे १८८९ रोजी एकमताने निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती फील्ड यांनीच. तह आणि कायदा यांचा दर्जा समान आहे. दोहोंत विरोध आला, तर नंतरचा प्रभावी ठरतो. परकीयांना सीमेवर रोखणे हा सार्वभौमत्वाचा भाग आहे आणि त्याचा वापर कधी करायचा, हे राजकीय सत्तेने ठरवायचे, न्यायालयाने नव्हे. दाखला ही केवळ सरकारची अनुज्ञा होती. सरकारला वाटेल तेव्हा ती काढून घेता येते.

१८/ चे चान पिंगला त्याच वर्षी चीनला परत पाठवण्यात आले. त्यानंतरचे त्याचे आयुष्य इतिहासाच्या पानांत सापडत नाही. त्याचे नाव मात्र कायद्याच्या पुस्तकांत राहिले. परकीयांच्या प्रवेशाबाबत काँग्रेस आणि कार्यपालिका यांना जवळजवळ निरंकुश अधिकार आहेत, या सिद्धान्ताचा पाया म्हणून हाच खटला उद्धृत होत आला आहे.

१९/ १८९२ मध्ये गीअरी कायदा आला. अमेरिकेतच राहणाऱ्या चिनी मजुरांनाही आता रहिवासाचा दाखला बाळगणे सक्तीचे झाले. दाखला नसल्यास हद्दपारी. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाही कायदा वैध ठरवला. या वेळी फील्ड विरोधात गेले. दारात अडवणे वेगळे आणि घरात राहणाऱ्याला हाकलणे वेगळे, अशी त्यांची भूमिका होती. पण बहुमताने जो तर्क वापरला, त्याची बीजे चार वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच निकालपत्रात होती.

२०/ १८९४ च्या तहाने स्कॉट कायद्याची धार बोथट केली. ज्या नोंदणीकृत मजुराची पत्नी, मूल, आई किंवा वडील अमेरिकेत असतील, अथवा १,००० डॉलरची मालमत्ता किंवा तेवढे येणे असेल, त्याला साधारणपणे एका वर्षाच्या आत परत येता येई. परतीचा मार्ग उघडला, पण कुटुंब वा पैसा दाखवू शकणाऱ्यांसाठीच. मुळात पत्नीला आणणेच दुरापास्त असलेल्या मजुराला या सवलतीचा उपयोग किती, हे उघड आहे.

२१/ १९२४ च्या स्थलांतर कायद्यात ‘पुनःप्रवेश परवाना’ ही सर्वांसाठीची तरतूद आली. मुदत कमाल एक वर्षाची, आणि वाढवून घेण्याची सोय. माणूस तात्पुरत्या भेटीहून परतत आहे, एवढेच या परवान्याने सिद्ध होईल, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. १८८४ प्रमाणे हाच एकमेव पुरावा, अशी अट मात्र नव्हती. परतीची हमी त्यातही नव्हती.

२२/ कागदाशिवाय बाहेर पडल्यास काय होते, हे इग्नाट्स मेझेई यांच्या प्रकरणात दिसले. १९२३ पासून ते बफेलो शहरात राहत होते. १९४८ मध्ये मरणासन्न आईला भेटण्यासाठी ते रुमानियाकडे निघाले. तेथे प्रवेश मिळाला नाही आणि १९ महिने हंगेरीत अडकले. १९५० मध्ये परतल्यावर सुरक्षेचे कारण देऊन, पुरावा न दाखवता त्यांना एलिस बेटावर रोखण्यात आले. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारची बाजू मान्य केली. पुढल्या वर्षी त्यांची सशर्त सुटका झाली.

२३/ चिनी बहिष्काराचे कायदे १९४३ मध्ये रद्द झाले, तेही युद्धात चीन मित्रराष्ट्र असल्यामुळे. वार्षिक कोटा ठरला १०५. अमेरिकन सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधीगृहाने २०१२ मध्ये त्या कायद्यांबद्दल खेद व्यक्त करणारे ठराव केले. कायदे गेले, पण १८८९ चा तो निकाल आजवर औपचारिकपणे उलटवला गेलेला नाही.

२४/ आज ग्रीन कार्ड असलेला एखादा मराठी माणूस आई-वडिलांच्या आजारपणासाठी वर्षाहून अधिक काळ पुण्यात किंवा सांगलीत राहणार असेल, तर त्याला निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, पुनःप्रवेश परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना साधारणपणे दोन वर्षांचा असतो. आणि तो हाती असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय बंदरावरील वा विमानतळावरील अधिकाऱ्याचाच असतो.

२५/ चे चान पिंगने काहीही लपवले नव्हते, काहीही मोडले नव्हते. त्याचा दाखला खरा होता, सही खरी होती, शिक्का खरा होता. बदलला तो फक्त देणाऱ्याचा विचार, आणि तोही तो समुद्रावर असताना. परतीचा परवाना हाती घेणाऱ्या प्रत्येकाच्या कागदामागे ‘बेल्जिक’च्या डेकवरचा तो एक महिना उभा आहे. परतीचा हक्क ज्यांना हवा आहे, त्यांना तो दाखल्यात नव्हे, कायद्यात आणि नागरिकत्वात शोधावा लागतो. १८८८ मध्ये हे दोन्ही दरवाजे चिनी मजुराला बंद होते.