सर्व्हर बदलला आणि ‘सेलू’ वाचता येईना

निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सेलूवरून मनमाडला जात असे. तिचा मार्ग मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा. मनमाडला तिला भेटणारी जी.आय.पी. रेल्वे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरची. त्यामुळे मुंबईकडे निघालेल्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवाव्या लागत. गाठी त्याच, पण रूळ बदलले की हमाली आलीच.

संकेतस्थळ एका वेब सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेतानाही हेच घडते. फरक इतकाच, की येथली हमाली डोळ्यांना दिसत नाही.

तिचे मूळ १९९०च्या दशकाच्या आरंभात आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला. १९९४मध्ये ते केंद्र सोडून गेले आणि त्या सर्व्हरला वाली उरला नाही. ठिकठिकाणचे चालक आपापल्या परीने त्याला ठिगळे लावत राहिले. ती एकत्र करून १९९५मध्ये ‘अपॅची’ साकारला आणि वर्षभरात जगातील सर्वाधिक वापराचा सर्व्हर ठरला.

एनसीएसएकडून अपॅचीला एक सवय वारशाने मिळाली. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘डॉट एचटी-ॲक्सेस’ नावाची छोटी फाइल ठेवता येते. कोणता पत्ता कुठे वळवायचा, कोणत्या दालनाला कुलूप लावायचे, हे सारे तीत लिहिलेले असते. सोय मोठी, पण तिच्यासाठी प्रत्येक मागणीच्या वेळी सर्व्हरला फोल्डरमागून फोल्डर धुंडाळावा लागतो.

१९९९मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला, की एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत? रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४मध्ये ‘इंजिन-एक्स’ प्रसिद्ध करून त्याचे एक उत्तर दिले. मात्र हा सर्व्हर ती छोटी फाइल वाचतच नाही. वेगासाठी ती सोय जाणीवपूर्वक वगळलेली आहे.

त्यामुळे स्थलांतराच्या दिवशी मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते आणि आतले प्रत्येक पान ‘४०४’ दाखवते. हा दोष निदान तक्रार तरी करतो. कुलूपबंद फोल्डर मुकाट्याने उघडा पडतो, त्याचे काय? पीएचपी फाइल चालवण्याचा नियम लिहायचा राहिला, तर सर्व्हर ती न चालवता जशीच्या तशी वाचकाच्या हाती ठेवतो. तीत डेटाबेसचा पासवर्ड असला, तर तोही जातो! म्हणून पत्ता नव्या यंत्राकडे वळवण्याआधी, स्वतःच्या संगणकावरील होस्ट्स फाइलमध्ये नवा क्रमांक लिहून जुने पत्ते एकेक तपासावेत. पाने उघडतात का हे पाहावेच. पण जी उघडायला नकोत ती बंद आहेत का, हे आधी.

मराठीला आणखी एक फटका बसे. अपॅची २.०च्या आरंभीच्या आवृत्त्यांबरोबर येणाऱ्या मांडणीत, सर्व पाने पश्चिम युरोपीय वर्णसंचातील आहेत असे जाहीर करणारी एक ओळ होती. पानाने स्वतः ‘मी युनिकोड’ असे आत लिहिले, तरी ब्राउझर सर्व्हरच्याच शब्दाला मान देतो. ‘सेलू’ या शब्दात स, मात्रा, ल आणि दीर्घ उकार अशी चार युनिकोड चिन्हे आहेत. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण बारा. चुकीच्या वर्णसंचात त्या बारा बाइटांची बारा वेगळी चिन्हे होतात: रेघ मिरवणारा लॅटिन ‘ए’ चारदा, आणि जपानी येनचे चिन्ह दोनदा. परभणी जिल्ह्यातील गावाच्या नावात येन!

असे दिसताच अनेक जण डेटाबेस बिघडला असे समजून तो ‘दुरुस्त’ करू पाहतात आणि मग मजकूर खरोखरच बिघडतो. वास्तविक बाइट शाबूत असतात. आधी सर्व्हरच्या उत्तरातील ‘कंटेंट-टाइप’ ही ओळ पाहावी. ती ओळ अपॅचीच्या मूळ मांडणीतून नंतर काढण्यात आली. इंजिन-एक्स तर सांगितल्याशिवाय कोणताच वर्णसंच जाहीर करत नाही. परंतु जुनी मांडणी नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवली, की ती ओळही तिच्याबरोबर येते.