सिंगपेरुमाळकोइलचा फलाट
मरणासन्नाच्या उशाशी गायन करण्याची रीत फ्रान्समधील क्लूनीच्या मठात अकराव्या शतकात होती. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना मात्र त्यासाठी दुसरा गायक लागला नाही! २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना आगगाडीत छातीत कळ आली आणि सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातले गेले. नमाज झाला, तानपुरा जुळला, खाँसाहेबांनी दरबारी रागात ईशस्तवन आरंभिले. थोड्याच वेळात प्राणज्योत मालवली. आपण निरोपाची मैफल ऐकत आहोत, हे सोबतच्या शिष्यांना केव्हा उमगले असेल? दफन मिरजेत, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. तेथील उरुसात गवई आजही हजेरी लावतात.