वेगळेपण राखून एकोपा : वेवजी-संजाण पट्ट्याचा धडा

बहुसांस्कृतिकता म्हणजे वेगवेगळ्या धर्मांच्या, भाषांच्या आणि जमातींच्या लोकांनी आपली ओळख न पुसता एकाच समाजात बरोबरीने राहणे. पण नुसते शेजारी राहिले म्हणून एकोपा होतो का? तो कशावर उभा राहतो, हे तलासरी तालुक्यातल्या वेवजीच्या परिसरात पाहता येते.

वेवजी गुजरातच्या सीमेवरचे गाव. १ मे १९६० रोजी उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातेत गेली. नकाशावर रेघ पडली, तरी बाजार, मजुरी आणि सोयरीक काही रेघेपाशी थांबली नाही.

ताजिक अधिकाऱ्याचे अन्नछत्र

सीमेपलीकडचे संजाण हे जुने बंदर. पारशी समाज इथेच येऊन वसला, असे त्यांची परंपरा सांगते. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला ताम्रपट सापडला. त्यावर शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ हा काळ आहे. त्यानुसार संजाणचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब अधिकारी पाहत होता. हे ‘मुहम्मद’ नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. त्याने लोकांसाठी मोफत नावा आणि अन्नछत्र सुरू केले. देवीच्या मठाला जमीन दिल्याची नोंदही याच ताम्रपटात आहे.

न्यायाशिवाय एकोपा नाही

मात्र याच भागात आदिवासींनी वेठबिगारीही सोसली. ‘आम्ही सगळे एक’ म्हणत कुणाला वेठीला धरले, तर तो एकोपा नव्हे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतकरी वेठीविरुद्ध एकत्र आले. त्यांच्यासोबत उभे राहिलेले गोदावरी आणि शामराव परुळेकर वारली नव्हते. जमात वेगळी, पण लढा एक झाला.

आज काय करायचे?

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:१३) कौमा आणि कबिले एकमेकांना ओळखण्यासाठी आहेत, असा आशय आहे. मोठेपण वंशावर नाही, तकव्यावर ठरते. संविधानाच्या उद्देशिकेतही न्याय, स्वातंत्र्य आणि समतेसोबत बंधुता आहे.

म्हणून ‘हा आपला, तो बाहेरचा’ असे कुणी म्हणू लागले, तर दोन गोष्टी विचारायच्या. नावेत सगळ्यांना जागा आहे ना? आणि कुणाच्या मानेवर जू तर नाही ना?